फंक्शन आपलं, लायब्ररी सगळ्यांची

सदर : की-बोर्डच्या अल्याड-पल्याड



मागच्या रविवारी सकाळी सेव-उसळ बांधून घेऊन घरी येत होते, तेवढ्यात आतेभावाचा फोन आला. तो इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ताईची आठवण त्याला परीक्षेच्या आदल्या दिवशीच होते.

"ताई, उद्या सी लँग्वेजची व्हायवा आहे. एक प्रश्न हमखास विचारतात म्हणे. फंक्शन आणि लायब्ररी रुटीन यांत फरक काय?"

"तुला काय वाटतं?"

"आपण लिहिलं ते फंक्शन आणि आयतं मिळालं ते लायब्ररी रुटीन. सीनिअरच्या जर्नलमध्ये एवढंच लिहिलंय."

"मग प्रिंट-एफ हे फंक्शन नाही का?"

पलीकडे शांतता. मग म्हणाला, "ताई, तुझी उसळ गार होईल. तू खाऊन घे, मी नंतर करतो फोन."

मला हसू आलं, कारण माझ्या व्हायवात मीही हेच उत्तर दिलं होतं आणि मला मार्कही मिळाले होते. उत्तर अगदी चूक नाही, पण अर्धं आहे. उरलेलं अर्धं मी नोकरीत शिकले, आणि ते शिकताना एका ग्राहकाला त्रास झाला. म्हणून आजचा लेख या प्रश्नावर. तुमच्यापैकी जे कोडिंग शिकताहेत त्यांना तो उपयोगी पडेल. जे शिकत नाहीत त्यांनाही आपल्या मोबाइलमध्ये कोणाकोणाचे हात लागलेले असतात ते कळेल.

आधी फंक्शन

घरात आई म्हणते, "वरणाला फोडणी घाल." तेल तापव, मोहरी तडतडू दे, मग जिरं, हिंग, हळद, कढीपत्ता, हे सगळं ती दर वेळी सांगत नाही. एकदा शिकवलं, त्याला नाव दिलं, आता नाव घेतलं की काम होतं. फंक्शन म्हणजे तेच: एका कामाच्या पायऱ्या एकत्र बांधून त्यांना दिलेलं नाव. त्याला काहीतरी द्यायचं, ते काम करतं आणि बहुतेक वेळा काहीतरी परत देतं. संख्या दिली की वर्गमूळ मिळतं, नाव दिलं की पत्ता मिळतो.

आता आतेभावाच्या प्रश्नाकडे येऊ. लायब्ररी रुटीन हेसुद्धा फंक्शनच असतं. त्यालाही नाव असतं, तेही काही घेतं आणि काही देतं. त्याच्या आत वेगळी जादू नसते. घरी केलेला गोडा मसाला आणि दुकानातून आणलेलं पाकीट आमटीत एकाच चमच्याने पडतात. फरक इतका की पाकीट कोणी, कुठे आणि काय घालून बनवलं हे आपण पाहिलेलं नसतं. पाकिटावर छापलेल्या मजकुरावर विश्वास ठेवून आपण ते घालतो.

म्हणजे फरक शोधायचा तो या प्रश्नांत: कोड कोणी लिहिला, तो कुठे राहतो, आपल्या प्रोग्रॅमला कधी येऊन मिळतो, आणि चुकला तर निस्तरायचं कोणी?

खरोखरचं कपाट

लायब्ररी हा शब्द वडोदऱ्याच्या माणसाला समजावायला नको. सयाजीराव महाराजांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला इथे बोलावून सगळ्या संस्थानात वाचनालयांचं जाळं विणलं. मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत लहानपणी आजोबांबरोबर गेलेलं मला आठवतं. तिथली काचेची जमीन बघून मी पाय टाकायला घाबरले होते. पुस्तक एकाने लिहायचं, एका जागी ठेवायचं, आणि ज्याला हवं त्याने न्यायचं.

प्रोग्रॅमिंगमधली लायब्ररी सुरुवातीला अशीच होती. इंग्लंडमधल्या केंब्रिज विद्यापीठात मॉरिस विल्क्स यांच्या गटाने एडसॅक नावाचा कॉम्प्युटर बांधला. ६ मे १९४९ रोजी त्याच्यावर पहिला प्रोग्रॅम चालला. तेव्हा प्रोग्रॅम कागदी पट्टीवर भोकं पाडून लिहीत. थोड्याच दिवसांत विल्क्स यांच्या लक्षात आलं की आपल्या उरलेल्या आयुष्याचा बराच भाग आपल्याच प्रोग्रॅममधल्या चुका शोधण्यात जाणार आहे. पट्टीवर भोकं पाडायच्या यंत्राकडे जाताना, जिन्याच्या वळणावर हे ध्यानात आल्याचं त्यांनी पुढे आठवणींत लिहिलं आहे.

यावर उपाय निघाला तो असा. वर्गमूळ, भागाकार, उत्तर छापणं अशी वारंवार लागणारी कामं एकदाच नीट लिहायची, तपासायची आणि त्यांच्या पट्ट्या कपाटात लावून ठेवायच्या. ज्याला हवी त्याने कपाटातून पट्टी काढावी, यंत्रावर तिची नक्कल आपल्या पट्टीत उतरवून घ्यावी आणि मूळ पट्टी परत ठेवावी. १९५१ पर्यंत त्या संग्रहात ८७ रुटीन जमली होती. विल्क्स, डेव्हिड व्हीलर आणि स्टॅनली गिल यांनी त्याच वर्षी त्यावर पुस्तक काढलं.

यात एक अडचण होती. रुटीनमध्ये शिरलेला कॉम्प्युटर काम झाल्यावर परत कुठे जाणार? त्याला प्रोग्रॅममधल्या दहा ठिकाणांहून बोलावलेलं असू शकतं. व्हीलर यांनी तोड काढली: आत शिरतानाच परतीचा पत्ता रुटीनच्या शेवटच्या आदेशात लिहून टाकायचा. आज प्रत्येक फंक्शन संपल्यावर नेमकं मूळ जागी परत येतं, ती सोय अशी सुरू झाली.

व्हीलर यांची आणखी एक गोष्ट मला फार पटते. १९५२ च्या एका छोट्या निबंधात ते सांगतात की रुटीन लिहून, तपासून झालं तरी एक मोठं काम उरतं. आतला कोड न पाहिलेल्या माणसालाही ते सहज वापरता येईल असं वर्णन लिहिणं, आणि हेच काम कदाचित सगळ्यांत अवघड असतं. लायब्ररी रुटीनचं मर्म इथे आहे. आपल्या फंक्शनबद्दल शंका आली तर आत डोकावून बघता येतं. लायब्ररीच्या रुटीनबद्दल आपल्या हातात मुख्यतः ते वर्णन असतं. त्याला आपण आज डॉक्युमेंटेशन म्हणतो, आणि ते न वाचता पुढे जातो.

निळ्या स्क्रीनची गोष्ट

आमच्या पिढीने सी शिकली ती टर्बो सीच्या निळ्या स्क्रीनवर. बोरलँड कंपनीचं ते १९८७ सालचं सॉफ्टवेअर २०१० च्या सुमारासही आमच्या लॅबमध्ये ठाण मांडून बसलेलं. प्रत्येक प्रोग्रॅमची सुरुवात ठरलेली: वर 'कॉनिओ डॉट एच' ही हेडर फाइल घ्यायची, मग 'सी-एल-आर-एस-सी-आर' लिहून स्क्रीन साफ करायचा, शेवटी 'गेट-सी-एच' लिहून उत्तर दिसेपर्यंत थांबायचं. आरतीआधी शंख वाजवावा तसं आम्ही ते करत असू. ते का करायचं, हे कधी कोणी विचारलं नाही.

चौथ्या वर्षाला पहिली कॅम्पस टेस्ट होती. समोर लिनक्सचं मशीन. मी सवयीने सगळं लिहिलं आणि कंपायलरने सांगितलं की कॉनिओ डॉट एच नावाची फाइलच इथे नाही. मी ती ओळ काढून टाकली. मग तक्रार आली की सी-एल-आर-एस-सी-आर नावाचं काही सापडत नाही. वीस मिनिटं मी माझ्या उत्तरात चूक शोधत बसले. चूक उत्तरात नव्हतीच. स्क्रीन साफ करणारं ते रुटीन सी भाषेचं नव्हतं, बोरलँडच्या लायब्ररीचं होतं, आणि ती लायब्ररी या मशीनवर नव्हती. ती टेस्ट माझ्या हातून गेली.

तेव्हा कळलं ते सांगते. सी भाषेत मुळात लिहिण्या-वाचण्याची सोयच नाही. प्रिंट-एफसुद्धा भाषेचा भाग नाही, ते लायब्ररीतलं फंक्शन आहे. १९८९ च्या प्रमाणित आवृत्तीत अशा फंक्शनांची यादी ठरवली गेली, म्हणून प्रिंट-एफ सगळीकडे मिळतं. सी-एल-आर-एस-सी-आर त्या यादीत नाही. उलट 'साइझ-ऑफ' दिसायला फंक्शनसारखं, पण ते भाषेचंच चिन्ह आहे, अधिक-उण्यासारखं. व्हायवात हा प्रश्न आला तर सांगून टाका, परीक्षक खूश होतात.

हेडर फाइल म्हणजे लायब्ररी, असाही एक समज असतो. हेडरमध्ये फक्त ओळख असते: अमुक नावाचं फंक्शन आहे, ते हे घेतं, ते परत देतं. पत्रिकेत 'पाहुण्यांची व्यवस्था केली आहे' असं छापलेलं असतं, पण खोल्या पत्रिकेत नसतात. प्रत्यक्ष काम करणारा, आधीच तयार केलेला कोड लायब्ररीच्या वेगळ्या फाइलमध्ये असतो, आणि तो आपल्या प्रोग्रॅमला जोडण्याचं काम लिंकर करतो.

हे स्वतः बघायचं असेल तर लिनक्सवर जीसीसी वापरून वर्गमूळ काढा. संख्या वापरणाऱ्याकडून घ्या, गणिताची हेडर फाइल वर लिहा. बऱ्याच मशीनवर कंपाइल सुरळीत होतं आणि अगदी शेवटी तक्रार येते की वर्गमूळाचं फंक्शन सापडलं नाही. कमांडच्या शेवटी उणे चिन्ह, एल, एम एवढं जोडलं की चालतं. तुम्ही ओळख दिली होती, गणिताच्या लायब्ररीचा पत्ता दिला नव्हता. आपण लिहिलेल्या फंक्शनला असं कधी लागत नाही, कारण ते आपल्या घरातच असतं.

कधी लायब्ररीची नक्कल प्रोग्रॅममध्येच उतरवून घेतात, केंब्रिजच्या पट्टीसारखी. कधी ती बाहेरच ठेवतात आणि प्रोग्रॅम सुरू झाला की बोलावतात. कॉम्प्युटरवर गेम सुरू करताना 'अमुक डीएलएल सापडली नाही' असा संदेश तुम्ही पाहिला असेलच. तो या दुसऱ्या प्रकारातला. गेम ठीक असतो, पण त्याने बोलावलेला पाहुणा घरी नसतो.

मी लिहिलेली तारीख

आता ग्राहकाची गोष्ट. पहिल्या नोकरीत माझ्याकडे एक छोटं काम आलं. वार्षिक देखभालीचे करार कधी संपतात ते काढायचं आणि ग्राहकांना आठवणीचं पत्र पाठवायचं. तारखेत एक वर्ष मिळवायचं, एवढंच. भाषेच्या लायब्ररीत तारखेची रुटीन होती. पण मला वाटलं, एवढ्याशा कामाला लायब्ररी कशाला? मी स्वतः फंक्शन लिहिलं आणि तारखेत ३६५ दिवस मिळवले. २०१५ सालच्या चाचणीत सगळी उत्तरं बरोबर आली.

२०१६ हे लीप वर्ष होतं. १ मार्च २०१५ ला सुरू झालेला करार १ मार्च २०१६ ला नवा करायचा होता. माझ्या फंक्शनने उत्तर दिलं २९ फेब्रुवारी. सगळ्या पत्रांवर एक दिवस अलीकडची तारीख छापली गेली. तेवढ्यावर भागलं असतं तर ठीक, पण तीच तारीख दुरुस्तीच्या विभागातही जात होती. एका ग्राहकाने शेवटच्या दिवशी तक्रार नोंदवली, तर करार संपला आहे असं सांगून त्याच्याकडून पैसे घेतले गेले. तो गृहस्थ पावती घेऊन भांडायला आला, आणि त्याचंच बरोबर होतं.

मीटिंगमध्ये आमच्या लीडने शांतपणे विचारलं, "लायब्ररीत होतं, तरी स्वतः का लिहिलंस?" माझ्याकडे खरं उत्तर एकच होतं: मला ते सोपं वाटलं. रागावला असता तर बरं वाटलं असतं. त्या ग्राहकाचे पैसे परत गेले आणि मी रविवारी बसून बाकीची पत्रं तपासली.

तारीख, वेळ, पैसे, पासवर्ड, भाषा या गोष्टी वरून साध्या दिसतात आणि आत खाचखळगे असतात. त्या खळग्यांत आधी बरेच जण पडलेले असतात, आणि चांगल्या लायब्ररीत त्यांनी बुजवलेले खड्डे आपल्याला फुकट मिळतात.

पण म्हणून डोळे मिटून चालत नाही. ३१ जानेवारीत एक महिना मिळवला तर काय येतं? जावाची नवी तारीख-लायब्ररी फेब्रुवारीचा शेवटचा दिवस देते. जावास्क्रिप्टच्या जुन्या तारखेत महिन्याचा आकडा एकने वाढवला तर उत्तर मार्चमध्ये जातं, २ किंवा ३ तारखेला. दोन्ही लायब्ररी आपापल्या वर्णनाप्रमाणे बरोबर वागतात. घरभाडं कोणत्या दिवशी घ्यायचं हे मात्र आपल्यालाच ठरवावं लागतं.

वडोदरा : चार, सहा की अठरा?

वर्णन का वाचायचं, याचा आपल्या भाषेतला नमुना घ्या. 'वडोदरा' या शब्दात अक्षरं किती? आजीला विचारा, ती म्हणेल चार. पायथॉनच्या लांबी मोजणाऱ्या फंक्शनला विचारा, ते म्हणेल सहा, कारण डोमधला ओकार आणि रामधला काना ते वेगळे मोजतं. सीच्या लांबीच्या रुटीनला यूटीएफ-८ मध्ये हाच शब्द द्या, ते म्हणेल अठरा, कारण ते बाइट मोजतं आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. तिघंही बरोबर, पण तिघांचे प्रश्न वेगळे.

दोन वर्षांपूर्वी गणेशोत्सवाच्या वेळी मंडळाची सभासद यादी अकारविल्हे लावायचं काम माझ्याकडे आलं. या वेळी मी शहाणी झाले होते. स्वतः काही लिहिलं नाही, लायब्ररीचं सॉर्ट वापरलं आणि यादी छापून टाकली. संध्याकाळी एक निवृत्त शिक्षक काका यादी घेऊन आले.

"मुळाक्षरं विसरलीस का गं? क्षीरसागर हे कोल्हटकर आणि खरे यांच्या मध्ये? आणि काळे कावळ्यांच्या आधी?"

मी यादी बघितली. काका बरोबर होते. आपल्या मुळाक्षरांत ळ, क्ष, ज्ञ हे ह च्या नंतर, अगदी शेवटी येतात. साधं सॉर्ट मुळाक्षरं बघत नाही, युनिकोडमधले क्रमांक बघतं. तिथे ळ हा ल च्या शेजारी बसतो, आणि क्ष हे वेगळं अक्षर नसून क, हलन्त आणि ष अशी तीन चिन्हं असतात. म्हणून सगळे क्षीरसागर 'क' च्या रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले.

मग काय सॉर्टसुद्धा स्वतः लिहायचं? नाही. इथे फंक्शन आणि लायब्ररी रुटीन यांचं फार छान जमतं. बहुतेक भाषांतलं सॉर्ट आपल्याकडून एक छोटं फंक्शन मागून घेतं. सीचं क्यू-सॉर्ट तर त्याशिवाय कामच करत नाही. त्या छोट्या फंक्शनला एवढंच सांगायचं असतं की दोन नावं दिली तर आधी कोण. लाखभर नावं भराभर इकडून तिकडे हलवण्याचं काम लायब्ररीचं. 'ह' नंतर 'ळ' हा निर्णय आपला. एरवी आपण लायब्ररीला हाक मारतो, इथे लायब्ररी आपल्या फंक्शनला हाक मारते.

मी वीसेक ओळींचं तसं फंक्शन लिहिलं, यादी पुन्हा छापली आणि काकांकडून पास करून घेतली. पुढे कळलं की आयसीयू नावाच्या मुक्त लायब्ररीत मराठीचे क्रम-नियम आधीच घातलेले आहेत, ळ ह च्या नंतर येतो हेही. माझं फंक्शन मी निवृत्त केलं. पण ते लिहिल्यामुळे मला नेमकं काय तपासायचं ते कळलं होतं. काळे, कावळे, क्षीरसागर अशी नावांची एक छोटी यादी मी अजून जपून ठेवली आहे. लायब्ररी बदलली की आधी ती यादी चालवून बघते.

लायब्ररीही चुकते

लायब्ररी माणसंच लिहितात. क्रमाने लावलेल्या यादीत मधोमध बघत बघत शोधायची बायनरी सर्च ही पद्धत तुम्ही पहिल्या वर्षाला शिकता. जावाच्या लायब्ररीतल्या तिच्या रुटीनमध्ये एक चूक सुमारे नऊ वर्षं लपून होती. ती २००६ साली जोशुआ ब्लॉक यांनी जाहीरपणे मांडली. मध्य काढण्यासाठी दोन टोकांची बेरीज करायची, आणि यादी प्रचंड मोठी असेल तर ती बेरीज २,१४,७४,८३,६४७ च्या पुढे जाऊन चक्क ऋण व्हायची. दुरुस्ती एका ओळीची होती. ती लायब्ररीत झाली आणि नवी आवृत्ती घेणाऱ्या सगळ्यांना मिळाली. ज्यांनी तोच कोड आपापल्या फंक्शनमध्ये उतरवून घेतला होता, त्यांना प्रत्येक ठिकाणी जाऊन तो स्वतः बदलावा लागला.

उलट टोकाची गोष्ट मार्च २०१६ ची, माझी तारीख चुकली त्याच सुमाराची. जावास्क्रिप्टच्या जगात 'लेफ्ट-पॅड' नावाचं ११ ओळींचं पॅकेज होतं. मजकुराच्या डावीकडे जागा किंवा शून्यं भरायची, बस्स. दुसऱ्याच एका पॅकेजच्या नावावरून वाद झाला आणि लेखकाने आपली सगळी पॅकेजेस काढून घेतली. जगभरात कितीतरी प्रोजेक्ट तयार होईनात. ते अनेक मोठ्या लायब्ररींच्या पोटात होतं आणि आपण ते वापरतो हे बऱ्याच जणांना ठाऊकही नव्हतं. काही तासांत ते परत ठेवलं गेलं.

आणि डिसेंबर २०२१ मध्ये लॉग-फोर-जे. प्रोग्रॅमच्या नोंदी लिहून ठेवणारी ही जावा-लायब्ररी असंख्य ठिकाणी वापरात होती. नोंदीच्या मजकुरात एका विशिष्ट पद्धतीने पत्ता लिहिला तर ती त्या पत्त्यावर जाऊन माहिती आणायची. ही सोय फार थोड्यांना हवी होती. पण बाहेरचा माणूस मुद्दाम तसा मजकूर पाठवून दुसऱ्याच्या सर्व्हरवर आपला कोड चालवू शकत होता. तो शनिवार-रविवार आम्ही ऑफिसातच होतो, आणि पहिला प्रश्न होता: आपण ही लायब्ररी नेमकी कुठे कुठे वापरतो? याचं उत्तर शोधण्यातच बराचसा वेळ गेला.

तर मग उत्तर काय लिहायचं?

रात्री आतेभावाचा पुन्हा फोन आला. त्याला मी जे सांगितलं तेच इथे देते.

लायब्ररी रुटीन हेही फंक्शनच. आपलं फंक्शन आपल्या प्रोग्रॅमसाठी, आपल्या डोळ्यांसमोर लिहिलेलं असतं, आणि ते हवं तेव्हा उघडून बदलता येतं. लायब्ररी रुटीन अनेकांसाठी आधीच लिहून, तपासून वेगळं ठेवलेलं असतं. हेडरमधून त्याची ओळख होते, लिंक करताना किंवा प्रोग्रॅम चालताना ते येऊन मिळतं, आणि आपण ते त्याच्या वर्णनावर विसंबून वापरतो. चूक कोणाच्याही कोडमध्ये असो, भांडायला आलेला ग्राहक आपल्याच दारात उभा राहतो.

"ताई, शेवटचं वाक्य लिहू का पेपरात?"

"व्हायवा आहे ना? मग तोंडी सांग."

दुसऱ्या दिवशी मेसेज आला: प्रश्न विचारलाच नाही, भलतंच काहीतरी विचारलं. व्हायवा अशाच असतात.

या वेळचा गृहपाठ: तुम्ही शेवटी लिहिलेला कोणताही प्रोग्रॅम उघडा. त्यात हाक मारलेल्या फंक्शनांची दोन रकान्यांत यादी करा, आपली आणि लायब्ररीची. लायब्ररीच्या रकान्यातलं एक नाव निवडा आणि त्याचं डॉक्युमेंटेशन पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचा. त्यात तुम्हाला माहीत नसलेलं एक तरी वाक्य सापडेल. सापडलं की मला जरूर कळवा, त्यातली गमतीदार उत्तरं पुढच्या वेळी इथे देईन.

आणि हो, घरी आजीला 'वडोदरा'ची अक्षरं मोजायला सांगायला विसरू नका.